डावा खालचा कोपरा

सोमवार, ३ मार्च. संध्याकाळी ६.१०

कॅमेरा आला. फुल-फ्रेम. नुसती बॉडी घेतली. सोबत मिळते ती लेन्स घेतली नाही, कारण ती सगळेच घेतात. हिने विचारलं की मग आत्ता याने फोटो निघतो का. तांत्रिकदृष्ट्या नाही. ही म्हणाली, छान, म्हणजे गाडी आणली आणि चाकं बघायची आहेत. हिला सिस्टीम कळत नाही.

बाबांना दाखवला. बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे त्यांनी तो आधी कानाला लावला. काहीच ऐकू आलं नाही म्हणून परत दिला. मग म्हणाले की पंचवीस तारखेच्या आत माझा एक नीट फोटो काढ. पंचवीसला त्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. ओळखपत्रावर मी पाकीटमार दिसतो म्हणाले, आणि मागे तोच एक राहिला तर बरं नाही दिसणार.

‘मागे राहिला’ म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. म्हटलं, बाबा, लेन्स घेतो आणि पहिला फोटो तुमचाच.

संकल्प: एकच लेन्स. रोज फिरताना लावायची, कधी काढायची नाही, आयुष्यभर पुरेल अशी. निवडायला चार दिवस पुष्कळ झाले.

मंगळवार, ४ मार्च. लंच टाइम

औषधाच्या खोक्यात घड्या घातलेलं पातळ पत्रक असतं ना, ते छापण्याआधी मी तपासतो. अठरा वर्षं झाली. डोस शेजारच्या टेबलावर, दुष्परिणाम माझ्याकडे. त्यामुळे मला भीती वगैरे वाटत नाही. जे जे होऊ शकतं ते सगळं माझं वाचून झालेलं आहे.

डोसच्या टेबलावर सर्वज्ञ बसतो. त्याला हे नाव मी ठेवलंय, त्याला माहीत नाही. त्याला विचारलं. तो म्हणाला की रोजच्या फिरण्याला झूमच पाहिजे, चोवीस-सत्तर मिलिमीटरची घ्या, डोळे मिटून घ्या. डोळे मिटून लेन्स कशी घेणार? पाच मिनिटांनी परत आला आणि म्हणाला की नाही, चोवीस-एकशेपाच. जेवताना म्हणाला की खरे लोक प्राइम वापरतात. म्हणजे झूम न होणारी, एकाच अंतराची. जवळचं हवं असेल तर आपण दोन पावलं पुढे जायचं.

पुढे जायचं हे मला पटलं नाही. पुढे काय असेल सांगता येत नाही.

गुरुवार, ६ मार्च. संध्याकाळी ७

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. एक बाई चालवतात. चष्मा कपाळावर, बोलणं तोडून. त्या लेन्स तीन-तीन दिवस भाड्याने देतात हे उत्तम. विकत घेण्याआधी पाचसहा तपासता येतील.

बाईंनी विचारलं की फोटो कशाचे काढणार. म्हटलं, सगळ्याचे. म्हणाल्या, सगळ्यात आधी कशाचा? म्हटलं, वडिलांचा. वडील बसतात की पळतात? म्हटलं, बसतात. मग ही पन्नासची न्या, म्हणाल्या, साधी आहे, हलकी आहे, विषय संपला.

मी समजावलं की मला रोजची लेन्स हवीय. बाई म्हणाल्या, वडील रोजचे नाहीत का?

काहीतरी भलतंच. चोवीस-सत्तर भाड्याने घेतली.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी १०.३० (रजा टाकली)

परीक्षा घेतली. पद्धत माझी स्वतःची. समोरच्या भिंतीवर ऑफिसातलं एक पत्रक चिकटवलं. एवढं बारीक अक्षर दुसरीकडे कुठे मिळणार! कॅमेरा तिपाईवर. पत्रक बरोबर फ्रेमच्या मध्यात. डाव्या खालच्या कोपऱ्यात खुर्ची आणि खुर्चीत बाबा. मध्यभागी काय, कुठलीही लेन्स चांगलीच असते. तिची लायकी कोपऱ्यात कळते.

बाबांनी विचारलं की हाच तो फोटो का. म्हटलं, नाही, ही परीक्षा. तुमच्या डोक्याचा थोडा भाग कापला जातोय, पण डोकं परीक्षेत नाहीये, खुर्चीच्या हातावर ठेवलेला तुमचा हात परीक्षेत आहे. बाबा म्हणाले, बरं. आणि हात ठेवून बसले. बत्तीस फोटो काढले.

कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून बघितले. मध्यभाग अप्रतिम. ‘चक्कर, मळमळ, धडधड, क्वचित प्रसंगी’, सगळं खणखणीत वाचता येतं. डावा खालचा कोपरा मऊ. बाबांची बोटं पुसट, जशी काही पाण्यात बुडवलेली.

लेन्स नापास.

रविवार, ९ मार्च. सकाळी ९

रोज कॅमेरा घेऊन फिरायचा संकल्प. आज पहिला दिवस. डॉक्टरांनी बाबांना सावकाश टपालपेटीपर्यंत जाऊन यायला सांगितलंय, म्हटलं त्यांच्यासोबतच जावं. त्यांना आधार.

कॅमेऱ्याची बॅग पोटावर घेतली, पाठीवर घेतली तर कोणी मागून उघडेल. कोपऱ्यावरचा कुत्रा माझ्याकडे बघत होता. एक सायकलवालाही बघत होता. आभाळ भरून आलं होतं. रस्ता उकरलेला होता, त्यात धूळ, आणि धूळ सेन्सरवर बसली की संपलंच. बाबा दोनदा माझ्यासाठी थांबले. दुसऱ्यांदा म्हणाले की दमला असशील तर ती पिशवी माझ्याकडे दे.

आजचे फोटो: शून्य. पण मनात बरंच फ्रेमिंग झालं.

मंगळवार, ११ मार्च

चोवीस-एकशेपाच. पत्रक, खुर्ची, बाबा. चाळीस फोटो.

मध्यभाग उत्तम. डावा खालचा कोपरा मऊ. चोवीस-सत्तरपेक्षा जरा जास्तच.

बाबांनी विचारलं की आता निघेल ना फोटो. म्हटलं, बाबा, घाई करून चालत नाही. म्हणाले, मला घाई नाही रे, पण पंचवीसला आहे. नंतर आत जाऊन त्यांनी स्वतःच्या मनगटी घड्याळाची वेळ लावली, जी आधीच लावलेली होती.

शुक्रवार, १४ मार्च. दुपारी

बाबांना घेऊन हॉस्पिटलात. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर समोर बसल्या होत्या. वय माझ्याहून कमी. त्यांनी संमतीचा फॉर्म दिला आणि नीट वाचा म्हणाल्या. मी नीटच वाचतो. तीन ठिकाणी स्वल्पविराम चुकलेले होते, एक परिच्छेद दोनदा छापलेला. लाल पेनने दुरुस्त करून दिला. डॉक्टरांनी दुसरी प्रत मागवली.

बाहेर आल्यावर हिने विचारलं की त्यात काय लिहिलं होतं. मला अजिबात आठवेना.

काही विचारायचंय का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे अकरा प्रश्न लिहिलेले होते. कागद खिशातच राहिला. मी विचारलं की ऑपरेशननंतर ठेवतात त्या खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे. डॉक्टर बाबांकडे बघायला लागल्या. बाबा म्हणाले, तो फोटो काढतो.

ही फार घाबरलेली आहे. तिला धीर द्यायला हवा. घरी येऊन तिच्यासाठी गॅस बंद आहे का ते तीनदा बघितलं.

शनिवार, १५ मार्च

पस्तीसची प्राइम आणली. झूम नाही, त्यामुळे आत काचा कमी, त्यामुळे बिघडण्यासारखं कमी. हे मला आधीच सुचायला हवं होतं. बाबांना सांगितलं की आता नक्की.

रविवार, १६ मार्च. सकाळी ११

बाबा सकाळी दाढी करून, निळा शर्ट घालून, वरचं बटण लावून खुर्चीत जाऊन बसले. इस्त्री स्वतः केली म्हणे. फोटो नक्की म्हणालो होतो ना मी.

अडचण अशी झाली की परीक्षा अजून व्हायची होती. म्हटलं, आधी चाचणी, पास झाली की लगेच फोटो. बाबा म्हणाले, घे बाबा परीक्षा. पत्रक, खुर्ची, निळा शर्ट. साठ फोटो.

डावा खालचा कोपरा मऊ!!

तीन लेन्स, तीनही त्याच कोपऱ्यात मऊ. हा योगायोग नाही. माझा संशय आता कॅमेऱ्यावर आहे. लेन्स बसते ती गोल कडी तिरपी असणार. कंपनीला सविस्तर पत्र लिहायला घेतलं. चार पानं झाली. दरम्यान बाबांनी शर्ट काढून हँगरला लावला.

मंगळवार, १८ मार्च. संध्याकाळी

हिचा आणि माझा वाद झाला. म्हणजे ती बोलत होती. तिचं म्हणणं, बाबा तीन दिवस रोज तो निळा शर्ट घालतात, अकरा वाजेपर्यंत बसतात आणि मग काढून ठेवतात. तुम्हाला दिसत नाही का? मी मोबाइलवर काढते, एका मिनिटाचं काम आहे. मी म्हटलं, खबरदार. त्या फोटोसाठी मोबाइल? तिने विचारलं, कुठल्या फोटोसाठी? मी तिपाईची घडी करायला लागलो. ती म्हणाली, बोला ना, कुठल्या?

मी गॅस बघायला गेलो. बंद होता, तरी परत एकदा बघितला.

खरं सांगायचं तर असं आहे. फोटो काढला की काढून झाला. मग यादीतलं ते एक काम संपलं. मग मध्ये काहीच उरत नाही, एकदम पंचवीस तारीखच.

हे उगाच लिहिलं गेलं. मुद्दा लेन्सचा आहे. अठ्ठावीस-दोनशे अजून बघितली नाही.

गुरुवार, २० मार्च

अठ्ठावीस-दोनशे. पत्रक, खुर्ची, निळा शर्ट. शंभरेक फोटो.

सर्वात वाईट. बाबांची बोटं तर दिसतच नाहीत, नुसता धूर. बाकी सगळं बरं आहे. पण ही एवढी महाग वस्तू, आणि एका माणसाचा एक हात नीट दाखवता येत नाही हिला!

सर्वज्ञ म्हणाला की कोपऱ्यात एवढं काय ठेवलंय, वडिलांना उचलून मध्ये बसवा. त्याला परीक्षेचं शास्त्र माहीत नाही. शिवाय मध्ये पत्रक आहे.

शनिवार, २२ मार्च. दुपारी ४

आज बाईंना फैलावर घ्यायचं ठरवून गेलो. चारही लेन्सचे फोटो एका कार्डावर होते. म्हटलं, हे बघा, तुमच्या दुकानातला सगळा माल एकाच कोपऱ्यात सदोष आहे, आणि नसेल तर माझा कॅमेरा सदोष आहे, काय ते मला लेखी द्या.

बाईंनी चष्मा खाली ओढला. कार्ड त्यांच्या कॉम्प्युटरला लावलं. कोपरा मोठा केला. मग म्हणाल्या, हा खुर्चीचा हात बघा. लाकडाची रेघ न् रेघ आहे. हा खिळा बघा. हे शर्टाच्या बाहीचं बटण, त्यातला दोरा दिसतोय. मी म्हटलं, हो, पण बोटं? त्या म्हणाल्या, बटण आणि बोटं एकाच कोपऱ्यात आहेत ना?

मी म्हटलं, हो.

म्हणाल्या, तुम्ही पाव पाव सेकंद शटर उघडं ठेवलंय. कोपरा मऊ नाहीये, साहेब. यांचा हात थरथरतोय.

मग सात तारखेचे उघडले. अकराचे. सोळाचे. वीसचे. दरवेळी लाकूड जागच्या जागी आणि बोटं हललेली, आणि दर तारखेला जरा जास्त. मी दोनशे फोटो शंभर टक्के मोठे करून बघितले होते. लेन्सचा रंग, धार, कडा सगळ्याच्या नोंदी ठेवल्या होत्या.

बाईंनी विचारलं की वडिलांना काही आजार आहे का, ते काय करतात. मी म्हटलं, घड्याळजी. ज्या माणसाने तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू चिमट्यात धरून आयुष्य काढलं तो माणूस.

बाईंनी काउंटरच्या मागून ती पन्नासची लेन्स काढली, माझ्या हातात ठेवली. भाड्याचं बोलायला लागलो तर म्हणाल्या, घरी जा आधी. गेलो. जवळजवळ पळतच. कुत्रा होता कोपऱ्यावर, बहुतेक. बघितलं नाही.

रविवार, २३ मार्च. दुपारी १२

सकाळपासून बाबांच्या हातावर नजर ठेवून आहे. चहाचा कप: हलत नाही. पेपर: हलत नाही. माझ्या घड्याळाच्या पट्ट्याची पिन निखळली होती, ती दिली. त्यांनी ते जुनं भिंग डोळ्याला लावलं आणि एका फटक्यात बसवून दिली. हात असा, की टेबलच हलेल पण हात हलणार नाही.

म्हणजे हात फक्त खुर्चीत बसल्यावर हलतो. आणि खुर्चीत मी बसवतो. दर चार-पाच दिवसांनी, दुष्परिणामांच्या यादीखाली, अजून वेळ आहे असं सांगत.

बाबा घाबरलेत. बाबा घाबरत नाहीत. लहानपणी मी विजेला भ्यायचो तेव्हा ते सांगायचे की घाबरायचं काम तू कर, बाकीचं मी बघतो. आता ते काम दोघांनीही उचललं तर बाकीचं बघणार कोण?

बोलायला म्हणून त्यांच्या खोलीत गेलो. म्हटलं, बाबा. म्हणाले, काय रे. मी त्यांना लेन्सचं तोंड जास्त उघडलं की मागचं पुसट का होतं ते वीस मिनिटं समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले की उद्या सकाळी नऊला टॅक्सी सांगितली आहे.

सोमवार, २४ मार्च. सकाळी ९.२०, टॅक्सीत

फोटो काढला!!

पत्रक भिंतीवरून काढून टाकलं. खुर्ची उचलून मध्ये ठेवली. बाबांनी विचारलं की आज परीक्षा नाही? म्हटलं, नाही, आज खराखुरा. ते निळा शर्ट घालून बसले आणि एका हाताने दुसरा हात धरून ठेवला. मी तिपाई घेतली नाही. ठरवलं होतं की आज कोपऱ्यांकडे बघायचंच नाही. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी लाल लुकलुकत होतं, तिकडेही बघितलं नाही. फक्त चेहरा. तीन आठवड्यांत बाबांचा पूर्ण चेहरा मी पहिल्यांदा बघितला. गाल बसलेत. डोळे थेट माझ्याकडे. त्यांना माहीत होतं मी घाबरलोय आणि मला माहीत होतं ते घाबरलेत, आणि दोघंही चांगलं दिसायचा प्रयत्न करत होतो.

टक्. एकच.

म्हटलं, झकास. बाबा म्हणाले, दाखव. खाली हॉर्न वाजला. आणि मी पटकन म्हटलं की आता नाही, ऑपरेशन झाल्यावर. काय आहे, बघायचं राहिलं असेल तर माणसाला परत यावं लागतं. हा विचार माझ्या प्रकृतीला शोभणारा नाही, पण आला. बाबांनी मान हलवली. म्हणाले, ठीक आहे, ठरलं.

मला आता एकदम शांत वाटतंय.

सोमवार, २४ मार्च. दुपारी ३.१५, हॉस्पिटल

बाबांना भरती केलं. कॉरिडॉरमध्ये बसून म्हटलं, आपण तरी एकदा बघावा. कॅमेरा चालू केला. बटण दाबलं. परत दाबलं.

कार्ड नाही.

कार्ड बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. शनिवारपासून. कॅमेरा कार्डाशिवायही टक् वाजतो, हे मॅन्युअलच्या एकशेबाराव्या पानावर आहे, मी वाचलंय, दोनदा वाचलंय. लाल लुकलुकत होतं ते तेच होतं. डाव्या खालच्या कोपऱ्यात.

फोटो नाही. तो फोटो कुठेच नाही.

मंगळवार, २५ मार्च. सकाळी ८.०५

आत नेलं. जाताना बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. म्हणाले, वेळ लावू नकोस, चाळीस सेकंद पुढे आहे ते मुद्दाम आहे. मग म्हणाले, फोटो सांभाळ.

मी हो म्हणालो.

१०.३०. चार तास लागतील असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

११.१५. ऑपरेशनच्या दाराला काचेची गोल खिडकी आहे. आतून पडदा.

१२.१०. चार तास झाले. कोणी बाहेर येत नाही.

१२.४०. एक सिस्टर पळत आत गेली. त्या नेहमीच पळतात, असं ही म्हणाली. तिला काय माहीत.

१.०५. हिला सांगितलं. सगळं. कार्ड नाही, फोटो नाही, ते सांभाळ म्हणून गेलेत आणि मी हो म्हणालोय. वाटलं आता ही भडकणार. ती जवळ सरकली. मग तिने हळूच विचारलं की तुम्हाला फोटो हवाय का आत्ता? मी म्हटलं, नाही. मला बाबा हवेत. आणि मोठ्याने रडलो, चारचौघांत, समोर बाकावर बसलेल्या माणसाने पेपर वर धरला. मला भीती वाटते. तीन तारखेपासून वाटते. त्याआधीपासून वाटते. मला भीती सोडून दुसरं काही वाटलेलंच नाही. हिला मी धीर देत होतो असं म्हटलं तेव्हा ही रडता रडता हसली. म्हणाली, तुम्ही? गॅस बघून?

१.५०. सहा तास होत आले.

२.२०. डॉक्टर बाहेर आल्या. मास्क खाली होता. आधी त्यांच्या हातांकडे बघितलं, का कोण जाणे. हात स्थिर होते. म्हणाल्या, वेळ लागला, पण झडप बसली. व्यवस्थित चालतेय. खिडकी पूर्वेला आहे, असंही म्हणाल्या.

शुक्रवार, २८ मार्च. संध्याकाळी

बाबांना साध्या खोलीत आणलं. नळ्या काढल्या. आवाज बारीक झालाय. मला वाटलं पाणी मागतील. त्यांनी विचारलं, फोटो कसा आलाय?

म्हटलं, छान.

दाखव म्हणाले. म्हटलं, बॅटरी संपलीय. म्हणाले, मग चार्ज कर. म्हटलं, चार्जर घरी आहे. बाबा माझ्याकडे बघत राहिले. असं ते दुकानात घड्याळ घेऊन आलेल्या लोकांकडे बघायचे, जे सांगायचे की पडलं नव्हतं, आपोआपच बंद पडलं.

उद्या नक्की सांगणार.

सोमवार, ३१ मार्च

सांगितलं नाही. त्यांना आज जरा खोकला होता. परवा सांगेन. त्यांच्या तब्येतीच्या दृष्टीनेच पुढे ढकलतोय.

ही दुकानातून कार्ड घेऊन आली. बाईंनी निरोप दिलाय की वडील कसे आहेत ते कळवा आणि लेन्स सावकाश द्या.

गुरुवार, ३ एप्रिल. सकाळी ११.३०

बाबा काल घरी आले. आज सकाळी त्यांनी दाढी केली, निळा शर्ट घातला, तो आता खांद्यावर लोंबतो, आणि कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. म्हणाले, बॅटरी झाली असेल ना आता.

झालं. सांगून टाकलं. कार्ड दुकानात होतं, फोटो आलाच नाही, मी खोटं बोललो. बाबा हसायला लागले आणि टाके दुखतात म्हणून छाती धरून थांबले. म्हणाले, मग कार्डात आहे तरी काय?

मी दाखवलं. दोनशेच्या वर फोटो. भिंतीवरचं पत्रक. पत्रक. पत्रक. बाबांनी विचारलं, यात मी कुठे आहे? मी बोट ठेवलं. डावा खालचा कोपरा. त्यांनी खिशातून ते जुनं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पडद्याला नाक टेकवून बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, माझा हात हलत होता हे मला वाटलं फक्त मलाच कळतंय. तुझं लक्ष असेल असं वाटलं नव्हतं.

मी म्हणणार होतो की होतं लक्ष. म्हणू शकलो असतो. पण म्हटलं, नव्हतं, बाबा. मला वाटलं लेन्स खराब आहे. चार परत केल्या.

बाबा म्हणाले, फार घाबरलो होतो रे. मी म्हटलं, मीपण. ते म्हणाले, तुझं दिसतच होतं. तुला फोटोचं काम दिलं ते त्यासाठीच, म्हटलं हात गुंतलेले राहतील. एवढे गुंततील असं वाटलं नव्हतं.

मग म्हणाले, आता काढ.

कार्ड घातलं. घातलंय का ते दोनदा बघितलं. खुर्ची मध्ये. पन्नासची लेन्स. दोन पावलं पुढे गेलो. बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर मोकळे ठेवले. अगदी स्थिर.

टक्.

स्क्रीनवर दाखवला. बाबांनी भिंग लावलं. म्हणाले, हललंय की सगळं. डोळा, नाक, सगळं दोन दोन. मग माझ्याकडे बघत, चेहरा अगदी सरळ ठेवून विचारलं, काय मग, हेही भिंग परत करायचं?

म्हटलं, नको. भिंग चांगलं आहे. माझा हात हलला.